हक्कांच्या कामासाठी अनुदान: नव्या संस्थेने सुरुवात कुठून करावी

शाळेला बाक, दवाखान्याला यंत्र, दुष्काळात चारा छावणी यांसाठी दाते मिळतात. ग्रामसभेत उभं राहून हिशेब मागणाऱ्या बाईच्या पाठीशी कुणी असावं, जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबाला वकील मिळावा, वनहक्काचा दावा तालुक्याच्या कपाटात धूळ खात पडू नये, या कामांना पैसे देणारे मात्र फार थोडे आहेत. या कामाचा फोटो काढता येत नाही आणि निकाल यायला वर्षं जातात. शिवाय कुणाला तरी प्रश्न विचारावे लागतात, त्यामुळे दाता बिचकतो. तरीही पैसे मिळतात. कुठून, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या अटींवर, ते इथे सांगतो. तालुक्याच्या गावात पाच-दहा जणांनी चालवलेली, नोंदणी नुकतीच झालेली किंवा व्हायची असलेली संस्था डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

आधी हक्क नेमका करा

बहुतेक नवे प्रस्ताव "महिला सक्षमीकरण", "लोकशाही बळकटीकरण", "वंचितांमध्ये जनजागृती" अशा शब्दांनी सुरू होतात आणि तिथेच संपतात. वाचणाऱ्याच्या टेबलावर असे शेकडो कागद असतात. म्हणून प्रस्तावाची फाइल उघडण्याआधी कोऱ्या कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. हक्क कोणता? तो कोणत्या कायद्यात आहे? तो देण्याची जबाबदारी कोणत्या पदावरच्या माणसाची? आणि आज गाडी नेमकी कुठे अडते?

एक उदाहरण शेवटपर्यंत बरोबर ठेवू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची स्वतंत्र सभा व्हायला हवी. अनेक गावांत ती फक्त कागदावर होते. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतो, बायका सही किंवा अंगठा देतात, आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" असं लिहिलं जातं. इथे चारही उत्तरं हाताशी आहेत. हक्क म्हणजे महिला सभा, कायदा ठरलेला, जबाबदारी सरपंच आणि ग्रामसेवकाची, आणि अडतं ते सूचना न देण्यात, वेळ बायकांच्या मजुरीच्या तासांत ठेवण्यात आणि इतिवृत्त वाचून न दाखवण्यात. आता हे काम मोजता येतं आणि कुणालाही दोन मिनिटांत समजावता येतं.

असाच विचार दुसऱ्या विषयांचाही करता येतो. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात ग्रामसभा, उपविभागीय समिती आणि जिल्हास्तरीय समिती अशा पायऱ्या आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो प्रत्येक पायरीवर कागद पक्का ठेवल्यामुळे. जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात २०१७ पासून लागू आहे. सेवा वेळेत मिळण्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, आणि माहितीच्या अधिकारातलं कलम ४ कार्यालयांना न मागता माहिती जाहीर करायला लावतं. कायद्याचा आधार नसलेल्या मागण्याही रास्त असतात. पण पहिल्या अनुदानासाठी कायद्यात असलेला आणि प्रत्यक्षात न मिळणारा हक्क निवडा. दात्याला भरवसा वाटतो, आणि उद्या गावात कुणी "तुम्ही राजकारण करता" असं म्हणालं तर कायद्याची प्रत दाखवता येते.

कागद: कंटाळवाणे, पण इथेच निम्मे अर्ज बाद होतात

महाराष्ट्रात बहुतेक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. म्हणून प्रमाणपत्रंही दोन असतात आणि दुसऱ्यावर एफ-ने सुरू होणारा क्रमांक असतो. दोन्ही जपून ठेवा. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालीही संस्था काढता येते. तिचा कारभार सुटसुटीत वाटतो, पण दरवर्षीचा अनुपालनाचा खर्च छोट्या गटाला जड जातो.

नोंदणीपाठोपाठ संस्थेच्या नावाचा पॅन आणि बँक खातं. खात्यावर किमान दोघांच्या सह्या लागतील असं ठेवा. मग आयकर खात्याची १२ए (संस्थेच्या उत्पन्नावर करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी. नवीन संस्थेला ती आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते, नंतर नियमित करून घ्यावी लागते. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. बोलताना सगळे १२ए, ८०जीच म्हणतात, पण अर्ज भरताना सीएला नवं कलम विचारून घ्या. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी करून मिळणारा क्रमांकही काढून ठेवा. सरकारी योजना आणि परदेशी निधीचे अर्ज त्याच्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

इथे एका कागदावर थांबायला हवं, तो म्हणजे चेंज रिपोर्ट. विश्वस्त बदलला, कुणी राजीनामा दिला, कुणाचं निधन झालं, की तो बदल ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवायचा असतो. पुष्कळ संस्था तो देत नाहीत. मग अनुदान मंजूर होण्याच्या टप्प्यावर दात्याचा माणूस परिशिष्ट-१ चा, म्हणजे विश्वस्तांच्या नावांच्या सरकारी नोंदीचा, ताजा उतारा मागतो, आणि त्यावर दहा वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांचं नाव असतं. करारावर सही करणारा माणूस कागदोपत्री विश्वस्तच नसतो. प्रलंबित चेंज रिपोर्ट मंजूर व्हायला वेळ लागतो, आणि दाता तेवढा थांबत नाही. आजच उतारा काढून नावं ताडून बघा.

तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट हवेत. संस्था नवी असेल तर जितकी वर्षं झाली तितके. उलाढाल वीस हजारांची असली तरी ऑडिट करा. लहान आणि स्वच्छ हिशेब बघून दाता दूर जात नाही, हिशेबच नसला तर मात्र नक्की जातो.

पैसा कुठे आहे

पहिला पैसा लोकांचा. हे मी भावनेपोटी म्हणत नाही. हक्कांच्या कामात लोकवर्गणी हीच ढाल असते. महाराष्ट्रात याची जुनी वाट आहे. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांसारख्या मंडळींनी नाटकाचे प्रयोग लावून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन दिलं. तुमच्या तालुक्यातले शिक्षक, वकील, डॉक्टर, पतसंस्थेतले कर्मचारी यांच्याकडून दरमहा ठरावीक रक्कम येऊ लागली, तर ते पहिलं अनुदानच समजा. पावती द्या. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर देणगीदाराला ८०जीची सवलत मिळत नाही, म्हणून बँकेतून किंवा यूपीआयने घ्या. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणग्यांचं विवरण आयकर पोर्टलवर भरा, तरच देणगीदाराला प्रमाणपत्र मिळतं. हे चुकलं की तो माणूस पुढच्या वर्षी देत नाही.

दुसरा पैसा देशातल्या फाउंडेशनचा. अझीम प्रेमजी फाउंडेशनसारखे मोठे भारतीय दाते छोट्या संस्थांनाही अनुदान देतात, आणि दुर्बल समूहांचे हक्क त्यांच्या विषयांत बसतात. हा पैसा भारतीय असल्यामुळे परदेशी निधीच्या कायद्याची कटकट नाही. माझ्या मते नव्या संस्थेने पहिली दोन-तीन वर्षं इथेच जोर लावावा.

तिसरा पैसा कंपन्यांचा, म्हणजे सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी). कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ संपत्ती, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कोणत्या कामावर, ते याच कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये लिहिलं आहे. तिथे "मानवी हक्क" किंवा "लोकशाही" असे शब्द शोधू नका, सापडणार नाहीत. पण स्त्री-पुरुष समानता, सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास गटांची विषमता कमी करणं आणि ग्रामविकास हे विषय आहेत. आपलं महिला सभेचं काम यात सरळ बसतं. कामाचं नाव लपवू नका, पण अनुसूचीतल्या कोणत्या बाबीखाली ते येतं ते स्पष्ट लिहा. कंपनीचा सीएसआर अधिकारी रात्री उशिरा संचालक मंडळासाठी टिपण तयार करत असतो, त्याला ते वाक्य तयार मिळालं पाहिजे. सीएसआर निधी घ्यायला १२ए, ८०जी, सीएसआर-१ नोंदणी (कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची) आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. आणि एक वस्तुस्थिती: कंपनी तिच्या कारखान्याच्या परिसरातल्या जमीन किंवा प्रदूषणाच्या प्रश्नावर तुम्हाला पैसे देणार नाही. तसं काम करत असाल तर त्या कंपनीच्या दारात जाऊही नका, उद्या गावाला तोंड दाखवणं अवघड होईल.

परदेशी पैसा आणि एफसीआरए

इथे घाईने चालणार नाही. परदेशी निधी विनियमन कायदा, म्हणजे एफसीआरए, पहिल्यांदा १९७६ साली आला. सध्याचा कायदा २०१० चा, आणि त्यात २०२० साली मोठे बदल झाले. नोंदणी किंवा परवानगीशिवाय परदेशातून एक रुपयाही घेता येत नाही, आणि चुकून घेतला तर "माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही.

वाटा दोन. पूर्ण नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मिळून मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. नोंदणी पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या बरंच आधी करावा लागतो. दुसरी वाट पूर्वपरवानगीची. एका ठरावीक दात्याकडून, ठरावीक रक्कम, ठरावीक कामासाठी. त्यासाठी दात्याचं लेखी वचनपत्र आणि प्रकल्पाचा तपशील जोडावा लागतो. नव्या संस्थेसाठी ही वाट कागदावर सोपी दिसते. पण परवानगी येईपर्यंत थांबायला तयार असणारा दाता मिळवणं, हे त्यातलं खरं अवघड काम.

२०२० च्या बदलांनंतर परदेशी पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, तिथून तो तुमच्या जवळच्या शाखेत वळवता येतो. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आणि छोट्या संस्थांना सर्वांत जास्त लागलेला बदल म्हणजे, एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसऱ्या संस्थेकडे एफसीआरए असलं तरी. पूर्वी पुण्या-मुंबईतली मोठी संस्था तालुक्यातल्या दहा गटांना रक्कम वाटून काम करायची, तो रस्ता बंद झाला. या बदलांना आव्हान देण्यात आलं, पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये ते वैध ठरवले. त्यामुळे कुणी "आमच्या एफसीआरएवर तुमचे पैसे आणतो" म्हणालं, तर हात जोडून नाही म्हणा.

हक्कांचं काम करणाऱ्यांना आणखी एक भीती असते, "राजकीय स्वरूपाची संस्था" ठरवलं जाण्याची. अशा संस्थांना परदेशी निधी घेता येत नाही. इन्साफ या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ मार्च २०२० रोजी सांगितलं की राजकीय उद्दिष्ट नसताना लोकांच्या प्रश्नासाठी बंद, हरताळ, रास्ता रोको यांना पाठिंबा दिला, एवढ्यावरून संस्थेला राजकीय ठरवता येणार नाही. हा निकाल फाइलमध्ये ठेवा. पण पक्षाच्या व्यासपीठावर संस्थेचा फलक नको, निवडणुकीच्या प्रचारात संस्थेची गाडी नको, हे पथ्य काटेकोर पाळा. एखादा विश्वस्त निवडणुकीला उभा राहणार असेल किंवा सरकारी नोकरीत असेल, तर परदेशी निधीचा विचार करण्याआधी जाणकार वकिलाशी बोला.

परदेशातल्या मराठी माणसांबद्दल वारंवार विचारलं जातं. न्यू जर्सीतला भाचा पन्नास हजार पाठवतो म्हणतो, घ्यायचे का? त्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर तो परदेशी निधी धरला जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तो परदेशी स्रोत आहे. पासपोर्टची प्रत मागायला लाजू नका, पावतीला जोडून ठेवा. महाराष्ट्र मंडळं आणि तिथल्या मराठी लोकांच्या धर्मादाय संस्था यांचा पैसाही परदेशीच.

संयुक्त राष्ट्रांची गोष्ट थोडी वेगळी. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्याच्या विशेष संस्था "परदेशी स्रोत" नाहीत. पण गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर सवलत असलेल्या संस्थांची यादी असते, ती बघा आणि सीएचं लेखी मत घ्या. तोच पैसा मधल्या एखाद्या परदेशी संस्थेमार्फत आला, तर सवलत राहत नाही. या घरातला आपल्या विषयाचा मुख्य निधी म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा लोकशाही निधी, यूएनडेफ. कोफी अन्नान महासचिव असताना २००५ साली तो सुरू झाला, आणि त्यात पैसे घालणाऱ्या देशांत भारत पहिल्या रांगेत राहिला आहे. अनुदान साधारण एक ते तीन लाख डॉलर, मुदत दोन वर्षांपर्यंत, अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. जगभरातून अर्ज येतात आणि निवड मोजक्यांची होते. पहिल्याच वर्षी याच्या मागे लागू नका. तीन लाखांची उलाढाल असलेल्या संस्थेला कोटीभर रुपये मिळाले तर ती त्या ओझ्यानेच मोडते. छळाच्या बळींसाठी १९८१ पासून आणि गुलामीच्या आजच्या प्रकारांतून सुटलेल्यांसाठी १९९१ पासून संयुक्त राष्ट्रांचे दोन स्वेच्छा निधी आहेत. वेठबिगारीतून सुटलेल्या मजुरांसोबत तुम्ही प्रत्यक्ष काम करत असाल, तर दुसऱ्याकडे लक्ष ठेवा.

युरोपीय संघाच्या मानवी हक्क आणि लोकशाही कार्यक्रमातूनही अनुदानं निघतात, काही दूतावासांच्या छोट्या योजना असतात. सगळ्यांना एफसीआरए लागतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवल्यापासून या क्षेत्रात पैसा घटला आहे आणि मागणारे तेवढेच आहेत, हे धरून चाला.

प्रस्ताव

दात्याचं अर्ज मागवणारं आवाहन प्रसिद्ध झालं की प्रथम पात्रतेचं पान वाचा. कोण अर्ज करू शकत नाही, ते आधी. मग कमाल आणि किमान रक्कम, मुदत, भाषा. दाता प्रश्न विचारायला वेळ देत असेल तर विचारा, पण ज्याचं उत्तर कागदात लिहिलेलं आहे ते विचारू नका.

बहुतेक ठिकाणी आधी दोन-तीन पानांची कॉन्सेप्ट नोट, म्हणजे प्रस्तावाची थोडक्यात रूपरेषा, मागतात. आपल्या उदाहरणाची पहिली ओळ अशी लिहिता येईल: "तालुक्यातल्या २० गावांत ग्रामसभेपूर्वीची महिला सभा कायद्याप्रमाणे, सूचना देऊन आणि इतिवृत्तासह व्हावी, आणि तिथे झालेले ठराव ग्रामसभेत घेतले जावेत, यासाठी १८ महिन्यांचं काम." गरिबी, पितृसत्ता, जागतिकीकरण यांवरचे परिच्छेद वगळा. त्याऐवजी आज काय आहे ते मोजून सांगा. यालाच बेसलाइन म्हणतात, आणि ती पैसे मिळण्याआधी करता येते. २० ग्रामपंचायतींत माहिती अधिकाराचे अर्ज टाका आणि मागच्या वर्षातल्या महिला सभांच्या सूचनांची व इतिवृत्तांची प्रत मागा. जिथे उत्तर आलं नाही, तेही नोंदवा. मग प्रत्येक गावात पाच-सात बायकांना भेटून विचारा की सभा कुठे झाली, किती वाजता, काय ठरलं. कागद आणि तोंडी माहिती शेजारी शेजारी ठेवली की जी तफावत दिसते, ती म्हणजे तुमच्या प्रस्तावातलं सर्वांत ताकदीचं अर्धं पान. ती कुठल्याही अहवालातून उचलता येत नाही, म्हणूनच वाचणारा तिथे थांबतो.

पुढे दाता लॉगफ्रेम मागेल. नाव ऐकून दचकू नका. काय बदलेल, ते कशावरून कळेल, पुरावा कुठे सापडेल आणि काय आडवं येऊ शकतं, एवढंच तो तक्ता विचारतो. "४०० महिलांना प्रशिक्षण" हा बदल नव्हे, ते तुम्ही केलेलं काम. "२० पैकी १४ गावांत सलग तीन महिला सभांची सूचना सात दिवस आधी लागली" हा बदल. पुरावा म्हणजे सूचनेचा तारखेसह फोटो आणि इतिवृत्ताची प्रत. आडवं येणारं म्हणजे निवडणुकीची आचारसंहिता, ग्रामसेवकाची बदली, ऊसतोडीला गेलेली निम्मी गावं. मराठवाड्यातल्या गावांचा प्रकल्प दिवाळीनंतर सुरू करतो म्हणणारा माणूस स्थलांतर विसरला आहे, हे जाणकार वाचणाऱ्याला लगेच कळतं. आणि २० पैकी २० लिहू नका. १४ लिहा आणि उरलेल्या ६ गावांत का अवघड आहे ते सांगा.

इंग्रजी हा अनेकांचा अडसर. मूळ प्रस्ताव मराठीत, सगळ्या कार्यकर्त्यांसमोर बसून लिहा, मग भाषांतर करून घ्या. उलट केलं तर कार्यकर्त्यांना आपल्याच प्रकल्पात काय लिहिलंय ते माहीत नसतं, आणि भेटीला आलेल्या दात्यासमोर ते उघडं पडतं.

बजेट

याच प्रकल्पाचं बजेट मांडून बघू. समन्वयिका दरमहा २८,००० प्रमाणे १८ महिन्यांचे ५,०४,०००. दोन गाव-कार्यकर्त्या प्रत्येकी १८,०००, म्हणजे ६,४८,०००. तिघींचा प्रवास प्रत्येकी महिना ४,००० प्रमाणे २,१६,०००. आठ प्रशिक्षणं प्रत्येकी २२,०००, एकूण १,७६,०००. पत्रकं आणि भिंतीवरचं लेखन ६०,०००. सुरुवातीची आणि शेवटची पाहणी ७०,०००. कायदेशीर मदत आणि अचानक उद्भवणारा खर्च ५०,०००. अर्धवेळ हिशेबनीस ८,००० प्रमाणे १,४४,०००, ऑफिसचं भाडं आणि वीज ७,००० प्रमाणे १,२६,०००, ऑडिट ४०,०००. बेरीज २०,३४,०००. शेवटच्या तीन बाबी प्रशासकीय, त्या ३,१०,०००, म्हणजे साधारण १५ टक्के. गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांचा पगार प्रशासकीय खर्चात धरू नका, एफसीआरएच्या नियमांतही प्रत्यक्ष क्षेत्रात काम करणाऱ्यांचं मानधन त्यात येत नाही.

या बजेटात पैसा माणसांवर जातो, याची लाज वाटून पगार कापू नका. हक्कांच्या कामात माणूस हेच साधन. कार्यकर्तीला आठ हजारांवर राबवणारी संस्था किमान वेतनाच्या हक्काबद्दल बोलू शकत नाही. हिशेबनीसही कापू नका. अर्ध्याहून अधिक भांडणं व्हाउचरवरून होतात. कायदेशीर मदतीची ओळ आवर्जून ठेवा. सभेत प्रश्न विचारणाऱ्या बाईवर किंवा तुमच्या कार्यकर्तीवर खोटी तक्रार झाली, तर त्या दिवशी वकिलाची फी कुठून आणायची, हे आधीच ठरलेलं असावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील आणि शिबिरं मिळू शकतात. ती मदत "योगदान" म्हणून बजेटात नोंदवा.

ज्यांच्यासाठी काम, त्यांची सुरक्षितता

प्रस्ताव चटकदार व्हावा म्हणून पीडितेचं नाव, गाव, फोटो टाकण्याचा मोह होतो. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. बाकी प्रकरणांतही संमती लेखी घ्या, मराठीत घ्या, आणि "हा कागद परदेशातल्या किंवा मुंबईतल्या माणसांना दिसेल" हे तोंडी समजावून सांगा. नंतर नको वाटलं तर मागे घेता येईल, हेही सांगा. दहा किंवा अधिक कर्मचारी झाले की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. दाता ती विचारतोच. मुलांसोबत काम असेल तर बालसंरक्षण धोरणही. ही धोरणं कुठून तरी उतरवून फाइलला लावू नका, संस्थेच्या बैठकीत वाचा आणि ठराव करा.

मंजुरीनंतर

मंजुरीच्या फोननंतर करार येतो. तो रात्रभर वाचा. हप्ते कधी, कशाच्या बदल्यात, शिल्लक रक्कम परत करायची की पुढे नेता येते, एका बाबीतून दुसऱ्या बाबीत किती टक्के वळवता येतात, दात्याचं नाव आणि बोधचिन्ह कुठे लावायचं. शेवटच्या बाबीवर हक्कांच्या कामात बोलणी करा. काही गावांत दात्याचा फलक लागला की "पैसे घेऊन करतात" ही कुजबुज सुरू होते आणि बायका यायच्या थांबतात. दात्याला कारण सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात.

प्रत्येक अनुदानाचा हिशेब वेगळा ठेवा, परदेशी पैशाचं खातं तर कायद्यानेच वेगळं. प्रशिक्षणाचं मस्टर, जेवणाचं बिल आणि फोटो यांतली संख्या जुळली पाहिजे. ३२ सह्या आणि ५० थाळ्या असतील तर कारण त्याच दिवशी बिलावर लिहा. एफसीआरए असेल तर वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं. ज्या वर्षी परदेशातून काहीच आलं नाही, त्या वर्षीही.

काम ठरल्याप्रमाणे होत नसेल तर सहामाही अहवालाची वाट न बघता दात्याला कळवा. चार गावांत सरपंचांनी सभाच होऊ दिली नाही, ही बातमी लपवण्यासारखी नाही. तुम्ही खऱ्या अडथळ्यापर्यंत पोचलात, याचा तो पुरावा आहे. अशा वेळी दाते सहसा मुदत वाढवतात किंवा आराखडा बदलू देतात. आयत्या वेळी कळलं तर मात्र पुढचा हप्ता अडकतो.

गावालाही हिशेब द्या. आपण ग्रामपंचायतीकडे जे मागतो ते आपल्याकडेही मागता यायला हवं. वर्षातून एकदा २० गावांच्या प्रतिनिधी बायकांसमोर किती आले, कशावर गेले, किती उरले हे मराठीत वाचून दाखवा, प्रश्न घ्या आणि त्या बैठकीचं इतिवृत्त ठेवा.

प्रकल्प संपायच्या सहा महिने आधीपासून पुढचं ठरवा. कोणत्या गावात बायका आता स्वतः सूचना मागतात आणि तिथून कार्यकर्ती काढता येईल, कुठे आणखी वर्ष लागेल, कोणत्या तक्रारी गटविकास अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहेत आणि त्यांचा पाठपुरावा वर्गणीच्या पैशातून कोण करेल. शेवटच्या महिन्यात शिल्लक रक्कम घाईने खर्चू नका. उरलेले पैसे परत करायचे असतील तर करारातल्या तारखेच्या आत करा, ऑडिट केलेलं विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचं) जोडा आणि प्रकल्प बंद झाल्याचं दात्याचं लेखी पत्र मागून घ्या. पुढच्या अर्जात "यापूर्वीची अनुदानं" या रकान्याला जोडायला तेच लागतं.